परळच्या पोटातला मोती: दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे

परळ स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत पी-ए-आर-ई-एल अशी पाच अक्षरं असतात. ती जरा हलवली की पी-ई-ए-आर-एल, म्हणजे पर्ल, म्हणजे मोती. पुन्हा हलवली की पी-ए-एल-ई-आर, पेलर, म्हणजे जास्त फिकट. आणि शेवटची दोन नुसती उलटी केली की पी-ए-आर-एल-ई, आपलं विलेपार्ल्यातलं पार्ले. मध्य रेल्वेचं एक स्टेशन आणि पश्चिम रेल्वेचं एक, अक्षरं मात्र तीच.

स्क्रॅबल (अक्षरांचे ठोकळे पटावर मांडून शब्द करायचा खेळ), शब्दकोडं, वर्डल (लपवलेला पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ), नाहीतर मुलांच्या इंग्रजीच्या पेपरातला ‘उलटसुलट अक्षरांतून शब्द बनवा’ हा प्रश्न, सगळीकडे हीच करामत लागते. नव्याने शिकणारा बहुधा शब्दसंग्रह कमी म्हणून अडत नाही. नेमकं काय शोधायचंय हे न ठरवता तो शोधायला बसतो, म्हणून अडतो.

आधी प्रश्न नक्की करा

‘टी, ए, आर ही अक्षरं असलेले शब्द सांगा’ या एका वाक्याचे निदान पाच अर्थ होतात.

पहिला: फक्त हीच अक्षरं, बाहेरचं एकही नाही. उत्तरं: आर्ट, रॅट, टार, आणि दोनच अक्षरं वापरली तर अ‍ॅट. स्क्रॅबलची सुरुवातीची चाल अशी असते.

दुसरा: ही तिन्ही हवीतच, सोबत बाकीची कितीही चालतील, क्रम कुठलाही. हार्ट, ट्रेन, वॉटर, थ्रेड, सॅटर्डे. इथे यादी एकदम हजारोंवर जाते.

तिसरा: तिन्ही एकमेकांना चिकटून आणि याच क्रमाने. स्टार्ट, टार्गेट, गिटार, मिलिटरी. स्पेलिंग डोळ्यांपुढे आणलं तर प्रत्येकात टी-ए-आर सलग दिसेल.

चौथा: क्रम हाच, पण मधे दुसरी अक्षरं घुसलेली चालतील. टीचर, थिएटर, ट्रेलर.

पाचवा: जागा ठरलेल्या. पाच अक्षरी शब्द, दुसरं टी, चौथं आर. स्टार्ट बसतो, पण स्टोरी, स्टोअर आणि स्टॉर्मही बसतात, कारण मधल्या ए-ची अट आता उरलेली नाही. शब्दकोड्यात हाच प्रकार येतो.

इंटरनेटवर शब्द शोधून देणाऱ्या साइटवर या प्रत्येकासाठी वेगळी चौकट असते. ‘अनस्क्रॅम्बल’ म्हणजे पहिला प्रकार. ‘कंटेन्स’ म्हणजे कुठे दुसरा, कुठे तिसरा, आणि हे साइटवर साइटवर बदलतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे: आधी टी-ए-आर टाकून बघा. उत्तरांत वॉटर दिसला तर चौकट सुटी अक्षरं शोधते आहे. नुसते स्टार्ट, गिटार अशा जातीचे शब्द आले तर ती सलग तुकडा शोधते. हे न तपासता ‘शब्दच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ.

दोन उपप्रश्न उरतात. शब्दाची लांबी ठरलेली आहे का? आणि एक अक्षर पुन्हा वापरता येतं का? दुसऱ्यासाठी दादर घ्या: डी-ए-डी-ए-आर. यातून रडार होतो का? स्क्रॅबलच्या नियमाने नाही. रडारला दोन आर लागतात आणि दादरमध्ये आर एकच आहे, डी मात्र एक उरतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ या खेळात मात्र तेच अक्षर हवं तितक्यांदा घेता येतं. तिथे रडार चालला असता. म्हणून अक्षरं लिहून घेताना प्रत्येकाची संख्याही लिहा: डी 2, ए 2, आर 1. सापडलेला शब्द या मोजणीशी ताडून बघितल्याशिवाय पक्का धरू नका. घाईत होणाऱ्या पुष्कळ चुका इथेच होतात.

कागद आणि पेन्सिल

पाच वेगळ्या अक्षरांच्या 120 मांडण्या होतात, सातांच्या 5,040. अक्षर दुहेरी असेल तर आकडा उतरतो. दादरच्या 30च होतात. तरी एकेक मांडणी लिहून बघणं हा मार्ग नव्हे. त्याऐवजी हे करा.

अक्षरं एका ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा मूळ शब्दच वाचत राहतो. पी-ए-आर-ई-एल ओळीत दिसलं की मुंबईकराला परळच दिसणार. गोलात सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे पुसलं जातं.

मग स्वर एका बाजूला काढा. इथे ए आणि ई. उरली पी, आर, एल. आता विचारा, कुठली दोन व्यंजनं इंग्रजीत शब्दाच्या तोंडाशी जोडीने बसतात? पी-एल बसतं, पी-आर बसतं. एल-पी आणि आर-एल शब्दाच्या सुरुवातीला बसत नाहीत, पण शेवटी किंवा मधे बसतात. पी-एल वरून प्ली मिळतो, पी-एल-ई-ए, म्हणजे विनवणी. एल-पी शेवटी ठेवला तर अ‍ॅल्प. आर-एल शेवटी ठेवला तर आधी ई-ए, झाला अर्ल. त्याच्या डोक्यावर पी ठेवला की पर्ल. मोती असा हाती येतो, एकशेवीस मांडण्यांतून नव्हे.

मग स्वरांची जोडी. इंग्रजीत ई-ए ही जोडी फार चालते. तिच्याभोवती व्यंजनं फिरवा: लीप, पील, पेअर, रीप, रिअल. पील इथे घंटानादाचा, पी-ई-ए-एल. साल काढण्याचा नव्हे, त्यात दोन ई लागतात. मग ए मधे आणि ई शेवटी: पेल, पेअर. हा पेअर कापण्याचा, पी-ए-आर-ई. फळाचा पेअर वर येऊन गेला. तीन अक्षरींत एप, पी, इअर, आर, एरा, लॅप, पॅल, पार, रॅप, एल. एवढ्यात वीसच्या पुढे गेलो.

सात अक्षरांवर जोड्या पुरत नाहीत. तिथे शेपूट आधी तोडायचं. इंग्रजी लांब शब्दांचं शेपूट ठराविक असतं: एस, ई-डी, ई-आर, आय-एन-जी, आय-ई-आर, ई-एस-टी, एल-वाय. समोर ए, ई, आय, एन, आर, एस, टी आलीत समजा. एस बाजूला ठेवा, उरलेल्या सहांतून रिटेन होतो आणि रेटिना होतो, म्हणजे रिटेन्स आणि रेटिनाज झाले. आता एस परत घ्या आणि ई-आर तोडा. उरली ए-आय-एन-एस-टी, त्यांचा स्टेन होतो, म्हणजे स्टेनर. आय-ई-आर तोडलं तर ए-एन-एस-टी, त्यावरून नॅस्टियर. सातच्या सात अक्षरं वापरली की स्क्रॅबलमध्ये 50 गुण जादा मिळतात, त्यामुळे मुरलेले खेळाडू ठोकळे हातात आल्याबरोबर शेपटाची अक्षरं रॅकच्या, म्हणजे ठोकळे ठेवायच्या पट्टीच्या, उजव्या टोकाला सरकवून ठेवतात. तुम्हीही ठेवा.

आणखी एक सवय लावून घ्या: अक्षरं वर्णानुक्रमे लिहिणं. परळ, पार्ले, पर्ल, पेलर या चौघांचीही वर्णानुक्रमे ओळ एकच येते, ए-ई-एल-पी-आर. याला अल्फाग्राम म्हणतात. दोन शब्द एकमेकांच्या अक्षरांतून बनतात की नाही हे तपासायचा याहून बिनचूक उपाय नाही. संगणकाचे प्रोग्रामही हेच करतात: अख्ख्या यादीतल्या प्रत्येक शब्दाचा अल्फाग्राम आधी काढून ठेवतात आणि मग नुसती ओळ जुळवतात.

जादा अक्षरं चालणार असतील तेव्हा

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे दिलेली अक्षरं हवीतच आणि बाकी काहीही चालेल, तिथे सर्वांत दुर्मीळ अक्षर धरून सुरू करा. कुठलं दुर्मीळ हे आठवत नसेल तर स्क्रॅबलच्या ठोकळ्यावरचे गुण बघा. हा खेळ रचणाऱ्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने 1930च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून गुण ठरवले होते. क्यू आणि झेड 10 गुणांचे, जे आणि एक्स 8, के 5. शंभर ठोकळ्यांत ई तब्बल 12 आहेत, क्यू एकच.

दुर्मीळ अक्षरांच्या बसायच्या जागाही ठरलेल्या असतात. एक्स बहुतेक वेळा स्वराच्या मागोमाग येतो. व्ही शब्दाच्या शेवटी जवळजवळ कधीच येत नाही, मागे ई घेऊनच येतो. जे शेवटी आला तर शब्द बहुधा आपल्याकडून गेलेला, राजसारखा. आता एक्स, एल, पी घ्या. एक्सच्या आधी ई ठेवा, मागे पी-एल ठेवा: एक्सप्लेन, एक्सप्लोर, एक्सप्लोड. पी-एल थोडे लांब सरकवा: एक्झाम्पल. एक्स शेवटी टाका: कॉम्प्लेक्स, परप्लेक्स. एल किंवा पी धरून सुरुवात केली असती तर इतक्या पटकन इथवर आला नसता.

आता मराठी वाचकाची खास अडचण. आपली लिपी बोलल्यासारखी लिहिते, त्यामुळे आपण शब्द कानाने शोधतो. जी, एच, टी असलेले शब्द विचारले की टुगेदर आणि गॅदर चटकन सुचतात, कारण त्यांत ग ऐकू येतो. नाइट, राइट, एट, वेट, हाइट, थॉट, डॉटर यांत जी-एच ठाण मांडून बसलेलं आहे, पण उच्चारात त्याचा मागमूस नाही, म्हणून ते सुचतच नाहीत. के-एन-आय-एफ-ई मधला के, डेट म्हणजे कर्ज यातला बी, सायकॉलॉजीतला पी, वॉकमधला एल, हे सगळे असेच लपलेले. उलट दिशेनेही फसगत होते: क ऐकला की के लिहिला जातो, पण तिथे सी असेल, सी-के असेल, सी-एच असेल, क्यू असेल. फ म्हटला की एफ, पण पी-एच राहून जातो.

यावर एक छोटा तक्ता करून ठेवा, वहीच्या मागच्या पानावर मावेल एवढाच. डावीकडे मुकी अक्षरं: के-एन, जी-एन, डब्ल्यू-आर, पी-एस, जी-एच-टी, एम-बी, एस-टी-एल-ई. उजवीकडे प्रत्येकाचे तीन-तीन शब्द, रोमन लिपीत. अक्षरं समोर आली की आधी या तक्त्यावरून नजर फिरवायची, मग कानाचं ऐकायचं.

मोबाइल आणि संगणक

ठरलेल्या जागांसाठी चिन्हं वापरायची असतात. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमकं एक अक्षर, तारा (*) म्हणजे कितीही अक्षरं, एकही नसलं तरी चालेल. वनलुक या शब्दकोशांत एकत्र शोध घेणाऱ्या साइटवर ही दोन्ही चालतात. आधी प्रश्नचिन्ह, मग टी, प्रश्नचिन्ह, आर, प्रश्नचिन्ह असं टाकलं की स्टार्ट-स्टोरीची सगळी फौज येते. टी-ए-आर सलग हवं असेल तर दोन्ही बाजूंना तारा.

काहीच उत्तर आलं नाही तर शब्दाला दोष देण्याआधी कीबोर्ड बघा. मोबाइलवर रोमनमधून मराठी लिहिणारा कीबोर्ड चालू असेल तर तुम्ही टाइप केलेलं चौकटीत देवनागरी होऊन पडतं. इंग्रजी कीबोर्ड असेल तर तो शब्द आपोआप ‘दुरुस्त’ करतो, किंवा शेवटी एक जागा सोडतो. मोकळी जागाही काही साइटना अक्षरच वाटते.

वारंवार लागत असेल तर स्वतःची यादी ठेवलेली बरी. एनेबल नावाची खुली यादी आहे, सुमारे 1 लाख 72 हजार शब्दांची, कुणालाही फुकट उतरवून घेता येते. मॅक संगणकात तर एक यादी आधीच असते: यूएसआर फोल्डरात शेअर, त्यात डिक्ट, त्यात वर्ड्स नावाची फाइल, सुमारे 2 लाख 35 हजार शब्द. आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका. ती 1934च्या वेब्स्टर कोशावरून केलेली आहे. त्यात जुनाट शब्दांचा भरणा आहे, बहुसंख्य अनेकवचनं नाहीत आणि नव्या काळातले शब्द नाहीत. खेळासाठी एनेबलच घ्या.

यादी गूगल शीट्समध्ये चिकटवण्याआधी तो स्तंभ निवडून फॉरमॅट मेनूत नंबर आणि त्यात प्लेन टेक्स्ट करा. नाहीतर ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द शीट शब्द न मानता तर्कमूल्य (खरं-खोटं) म्हणून गिळतं. नंतर डेटा मेनूतून फिल्टर लावा, ‘फिल्टर बाय कंडिशन’मध्ये ‘टेक्स्ट कंटेन्स’ निवडा. अडचण अशी की एका स्तंभावर अशी एकच अट बसते. तीन सुटी अक्षरं हवी असतील तर तीच यादी शेजारी शेजारी तीन स्तंभांत चिकटवा आणि प्रत्येकावर एकेका अक्षराची अट घाला. तिन्ही अटी पाळणाऱ्या ओळीच शिल्लक राहतात. काम गावठी आहे, पण सूत्र पाठ करावं लागत नाही. लांबीसाठी चौथ्या स्तंभात लेन हे सूत्र. पाच अक्षरी शब्दांची लांबी सहा दाखवली तर यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं चिन्ह आलेलं आहे. ट्रिम किंवा क्लीन हे सूत्र लावून ते काढा. एवढी मोठी यादी फोनवर उघडायच्या फंदात पडू नका, फोन दमतो.

कुणाची यादी खरी?

शब्द सापडला म्हणजे तो खेळात चालेलच असं नाही. स्पर्धेच्या स्क्रॅबलमध्ये अमेरिका-कॅनडात एक यादी चालते आणि बाकी बहुतेक जगात, भारतातही, कॉलिन्स या कोशाची. कॉलिन्सची यादी मोठी आहे, पार्लेसुद्धा तिच्यात शब्द म्हणून चालतो. घरी खेळताना डाव सुरू होण्यापूर्वी एक यादी ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

वर्डलची गोम निराळी. त्याचं स्पेलिंग अमेरिकी आहे आणि आपल्या शाळांनी शिकवलेलं ब्रिटिश. ह्यूमर आपल्याला सहा अक्षरी, ओ-यू-आर वाला. तिथे तो यू गाळून पाच अक्षरी उत्तर म्हणून आलेला आहे. फेव्हरचंही तसंच. शेवटी ओ-आर दिसत असेल तर यू गाळून बघा. आणि दुहेरी अक्षर नीट वाचा. तुम्ही रडार लिहिलंत, पहिला आर पिवळा झाला (अक्षर आहे, पण या जागी नाही), शेवटचा करडा (आणखी आर नाही). याचा अर्थ ‘आर नाही’ असा नव्हे. आर नेमका एकच आहे, आणि तो पहिल्या जागी नाही, पाचव्याही नाही.

क्यू आला आणि यू नाही, म्हणून नवे खेळाडू हातपाय गाळतात. इथे मुंबईच्या कानाला उलट फायदा आहे. फकीर, बुरखा, नकाब, कव्वाली हे शब्द इंग्रजीत क्यूने लिहिले जातात आणि क्यूच्या मागे यू येत नाही: एफ-ए-क्यू-आय-आर, बी-यू-आर-क्यू-ए. सगळ्यांत उपयोगी मात्र दोन अक्षरी क्यू-आय, ची, चिनी वैद्यकातली प्राणशक्ती. घी, लाख, धोबी, घाट, बंद हेही इंग्रजी याद्यांत आहेत. आणि मंगूस, एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, तर थेट आपल्या मुंगसावरून गेलेला.

सराव

यासाठी पुस्तक नको. लोकलची खिडकी मिळाली नाही तरी स्टेशनच्या पाट्या दिसतातच, आणि दोन स्टेशनांमधली दोन-चार मिनिटं ही नेमकी हवी तेवढी वेळ असते. सोप्यापासून सुरू करा. सायनमधून आयन्स, सन, सिन. कुर्ल्यातून लार्क. नेरुळमधून रूल, ल्यूर, रून. दिवा तर गायिकेसाठी इंग्रजीत जसाच्या तसा शब्द आहे, आणि अक्षरं उलटसुलट केली की अ‍ॅव्हिड, म्हणजे उत्सुक. ठाण्याचंही तसंच: टी-एच-ए-एन-ई हा जुन्या स्कॉटलंडमधल्या सरदाराचा किताब, उच्चार थेन. मुंब्र्यातला एक एम सोडून द्या, अम्ब्रा म्हणजे गडद सावली निघते आणि रुम्बा हा नाचही.

हे जमलं की पनवेल घ्या, पी-ए-एन-व्ही-ई-एल. एक अक्षर वगळून पाच अक्षरी शब्द काढायचे. व्ही वगळला की पॅनल, प्लेन आणि पीनल हे तिघे एकाच अल्फाग्रामचे. पी वगळला की नेव्हल, बेंबी. पी वगळूनच आणखी एक निघतो: व्हीने सुरू होणारा, लाच खाणाऱ्याला लावायचं विशेषण.